ओट्याचा ग्रॅनाइट गार, त्यावरचा पोळपाट नाही. तापमान तर दोन्हींचं एकच!

दगडफूल (धागाकर्ती)

मी शाळेत विज्ञान शिकवते. थंडी पडली की वर्गात हा प्रश्न हमखास येतो: बाकाचा लोखंडी पाय गार लागतो आणि वरची फळी का नाही लागत? पुस्तकातलं उत्तर मुलांना पाठ असतं, 'धातू सुवाहक, लाकूड दुर्वाहक'. मार्कही मिळतात. पण त्याच मुलांना विचारा की दोघांत तापमान कुणाचं कमी, तर बहुतेक हात लोखंडाच्या बाजूने वर होतात. म्हणजे उत्तर पाठ झालं, पण उमगलं नाही. मोठ्या माणसांचंही असंच होतं, म्हणून हा धागा.

रात्रभर बंद असलेल्या खोलीत ठेवलेल्या सगळ्या वस्तू सकाळपर्यंत खोलीच्याच तापमानाला येतात. खोली 20 अंश सेल्सिअस असेल तर ग्रॅनाइटचा ओटा 20, स्टीलचा डबा 20, सागवानी पोळपाट 20 आणि दोरीवरचा टॉवेलही 20. आपल्या तळहाताची कातडी मात्र 32-33 अंशांवर असते, कारण तिला आतून रक्त ऊब देत असतं. हात टेकला की उष्णता हातातून वस्तूत जाते. ती किती झपाट्याने जाते आणि त्यामुळे कातडी किती निवते, हे आपल्याला कळतं. वस्तूचं तापमान आपल्याला थेट कळतच नाही.

'सुवाहक' हे उत्तर इथे अर्धवट पडतं. वस्तूने उष्णता पुढे नेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तिने ती पोटात सामावून घेणंही महत्त्वाचं. हाताला टेकलेला थर चटकन तापला तर उष्णतेचा ओघ लगेच मंदावतो. वाळूवर पाणी ओतलं की ती पिऊन टाकते आणि चिकणमातीवर ते वरच साचतं, तसंच हे. म्हणून तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: उष्णतावाहकता, घनता आणि विशिष्ट उष्माधारकता. तिन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की जी राशी मिळते तिला थर्मल इफ्युझिव्हिटी म्हणतात. शालेय अभ्यासक्रमात ती नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण रोजच्या स्पर्शाचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात बसतो.

ढोबळ आकडे, एसआय एककांत: थर्मोकोल 30, सागवान 430, माणसाची कातडी 1,200, काच 1,450, ग्रॅनाइट 2,400, स्टेनलेस स्टील 7,700, पितळ 19,000, ॲल्युमिनियम 24,000, तांबं 37,000. (लाकडाचा प्रकार, दगडाची खाण यांनुसार थोडं इकडेतिकडे होतं.)

दोन वस्तू टेकल्या की त्यांच्या सांध्यावर लगेच एक मधलं तापमान ठरतं, आणि ज्याची इफ्युझिव्हिटी जास्त तो ते तापमान आपल्याकडे ओढतो. कातडी 33 आणि खोली 20 धरून हिशेब केला तर पोळपाटावर सांध्याचं तापमान 29.6 येतं, ग्रॅनाइटवर 24.3, स्टीलवर 21.8 आणि तांब्यावर 20.4. पोळपाटाला हात लावल्यावर कातडी जेमतेम तीनेक अंश उतरते, स्टीलला लावल्यावर अकरा. गारठा येतो तो इथून.

आता शेवटच्या दोन आकड्यांकडे बघा. तांबं हे स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट चांगलं वाहक आहे, तरी फरक पडला दीड अंशाचाही नाही. स्टील आधीच कातडीपेक्षा इतकं वरचढ आहे की त्यापुढे ओढायला फारसं उरतच नाही. डोळे मिटून तांब्याचा पेला कोणता आणि स्टीलचा कोणता हे नुसत्या गारव्यावरून ओळखणं म्हणूनच अवघड जातं.

घरी करून बघायला एक प्रयोग. फ्रीजच्या एकाच ट्रेमधले दोन बर्फाचे खडे घ्या. एक पोळपाटावर ठेवा, दुसरा ॲल्युमिनियमच्या जाड बुडाच्या उपड्या पातेल्यावर. ठेवण्याआधी मुलांना विचारा की कुठला आधी वितळेल. 'गार' पातेल्यावरचा बर्फ डोळ्यांदेखत पाणी सोडायला लागतो आणि 'उबदार' पोळपाटावरचा बराच वेळ तसाच बसून राहतो. पातेलं खरंच जास्त थंड असतं तर उलट व्हायला हवं होतं.

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं येऊ द्या.

भिंगरी

लेख आवडला, पण एक गोष्ट पटत नाही. आमचं जुनं घर साताऱ्याकडे, तळमजल्याला शहाबादी फरशी. मे महिन्यात दुपारी त्या फरशीवर नुसतं आडवं पडलं तरी अंग निवतं. वरच्या मजल्यावरही तीच फरशी आहे, पण तिथे तो गारवा नाही. दगड तोच, मग इफ्युझिव्हिटीही तीच ना?

दगडफूल

@भिंगरी, अगदी बरोबर हेरलंत. इथे तापमानातच खरा फरक आहे. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असतं, साधारण त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. तळमजल्याची फरशी त्या जमिनीला टेकलेली असते, म्हणून उन्हाळ्यात ती खोलीतल्या हवेपेक्षा खरोखर थंड राहते. वरच्या मजल्याच्या फरशीखाली असते खालच्या खोलीतली गरम हवा. 'सगळ्या वस्तू खोलीच्या तापमानाला येतात' हे वस्तू दुसऱ्या कशाशी जोडलेली नसेल तेव्हाच खरं.

माठाचंही तसंच. माठ गार लागतो कारण तो गारच असतो. मातीतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. कोरडा माठ हाताला असा गार लागत नाही.

अकोलेकर

आमच्याकडे मे महिन्यात हे सगळं उलटं होतं! घरात दुपारी 42-43 असतं. तेव्हा लोखंडी कपाटाला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटतं आणि शेजारचा लाकडी दरवाजा बिचारा काहीच करत नाही. हिवाळ्यात तेच कपाट बर्फासारखं. लहानपणापासून हे बघत आलोय पण दोन्हींचं कारण एकच असेल असं कधी डोक्यात आलं नाही.

दगडफूल

@अकोलेकर, तुमच्या गावाइतकी चांगली प्रयोगशाळा नाही! वरचंच सूत्र, खोली 43 धरून. लोखंडी कपाटाच्या जागी स्टेनलेस स्टीलचाच आकडा घेते: सांध्याचं तापमान 41.6, लाकडावर 35.6. माणसाला उष्णतेने दुखायला लागतं ते साधारण 43 ते 45 च्या दरम्यान, म्हणजे कपाट त्या उंबरठ्याशी पोचलेलं असतं. मधे केव्हातरी, खोली 33 च्या आसपास असताना, कपाट आणि दरवाजा हाताला सारखेच लागायला हवेत. मार्चमध्ये संध्याकाळी कधीतरी तपासून सांगा. कपाटावर दिवसभरात ऊन आलेलं नसावं, एवढंच बघा.

मेकॅनिकलवाला

मॅडम, विषय उत्तम मांडलात. एक तांत्रिक भर घालतो, कारण हा धागा वाचून कुणीतरी इन्फ्रारेड थर्मामीटर काढणार आणि गोंधळणार याची खात्री आहे. कोविडनंतर ती 'गन' बऱ्याच घरांत आहे.

ती गन तापमान मोजत नाही. वस्तूकडून येणारं प्रारण मोजते आणि त्यावरून तापमानाचा अंदाज करते. लाकूड, दगड, कातडी, रंगवलेला पत्रा हे सगळे आपल्या तापमानाप्रमाणे भरपूर प्रारण सोडतात. चकचकीत स्टील किंवा ॲल्युमिनियम स्वतः फार कमी सोडतं आणि समोरचं प्रारण आरशासारखं परत फेकतं. त्यामुळे स्टीलच्या ताटावर गन रोखली की आकडा येतो तो बराचसा ताटात 'दिसणाऱ्या' गोष्टीचा. ताटावर वाकून मोजलंत तर तुमच्याच चेहऱ्याची ऊब मिसळते. गच्चीत निरभ्र रात्री कोऱ्या, चकचकीत पत्र्यावर रोखलीत तर आभाळाचं प्रतिबिंब मोजलं जातं, आणि आभाळ फारच थंड असतं. आकडा कित्येक अंश खाली दिसतो आणि माणूस म्हणतो, बघा, धातू खरंच थंड आहे!

उपाय सोपा. ताटाला काळी इलेक्ट्रिकल टेप घट्ट चिकटवा, पाचेक मिनिटं थांबा आणि टेपवर गन रोखा. टेप ताटाच्या तापमानाला आलेली असते आणि ती आरशासारखी वागत नाही. मग पोळपाट आणि ताट एकाच आकड्यावर येतात. आमच्या शॉपफ्लोअरवर पॉलिश केलेल्या शाफ्टचं तापमान असंच घेतात.

दगडफूल

@मेकॅनिकलवाला, टेपची युक्ती पुढच्याच आठवड्यात वर्गात करणार. मनापासून आभार.

निफाडकर_द्राक्षवाला

गच्चीतल्या पत्र्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. गन आभाळाचा आकडा दाखवते हे मान्य, पण आमच्याकडे थंडीत पहाटे पत्रा हवेपेक्षा खरंच गार होतो. हवा पाच-सहा अंश असताना शेडच्या रंगवलेल्या पत्र्यावर आणि गाडीच्या टपावर दहिवर गोठून पांढरी साय धरलेली पाहिलीय. झाडाखाली लावलेल्या गाडीवर काही नसतं. बागेत द्राक्षाच्या पानांचंही तेच होतं, म्हणून पहाटे शेकोट्या पेटवून धूर करायचा, पाणी सोडायचं. हे इफ्युझिव्हिटीत बसत नाही ना?

मेकॅनिकलवाला

बरोबर, हे वेगळं प्रकरण. रंगवलेला पत्रा रात्रभर उघड्या आभाळाकडे उष्णता फेकत राहतो. पत्रा पातळ, पोटात साठा नाही, म्हणून लवकर हवेच्याही खाली उतरतो. झाडाखालच्या गाडीला आभाळाऐवजी पानं 'दिसतात' आणि पानं आभाळाइतकी थंड नसतात. शेकोटीच्या ऊबेबरोबर धुराचा थोडा पडदा होतो. ओल्या मातीत उष्णतेचा साठा जास्त असतो आणि तिच्यातून ती वरही लवकर येते, म्हणून पाणी सोडण्यातही अर्थ आहे.

सोनसळी

आमचा रत्नांचा व्यवसाय. स्फटिकाची माळ खरी की काचेची हे बघायला जुनी मंडळी मणी गालाला किंवा ओठाला लावून बघायची. खरा स्फटिक काचेपेक्षा गार लागतो. लहानपणी मला ही श्रद्धेची गोष्ट वाटायची. पुढे कळलं की स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, आणि त्याची उष्णतावाहकता काचेच्या कितीतरी पट असते. दोन्ही सिलिकाच्या घराण्यातले, पण क्वार्ट्झमध्ये अणूंची मांडणी शिस्तीत असते आणि काचेत विस्कटलेली. शिस्तीच्या जाळीतून उष्णता सहज पुढे जाते.

हिऱ्यात तर हे टोकाला जातं. हिरा वीज वाहून नेत नाही, पण उष्णता तांब्याच्या पाचपट वाहून नेतो. दुकानात जो डायमंड टेस्टर असतो त्याचं बारीक टोक गरम असतं. ते खड्याला टेकवलं की किती लवकर निवतं त्यावरून दिवा लागतो. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा क्युबिक झिरकोनिया तिथेच पकडला जातो. मोइसानाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा मात्र त्या टेस्टरला फसवतो, कारण ते सिलिकॉन कार्बाइड आहे आणि उष्णता चांगली वाहतं. त्यासाठी वेगळा टेस्टर लागतो. ग्राहकांना कळकळीने सांगतो, नुसत्या 'थर्मल' दिव्यावर विसंबून हिरा घेऊ नका, प्रमाणपत्र मागा.

आणि गालाच्या परीक्षेसाठी दोन्ही माळा बराच वेळ एकाच ताटात ठेवलेल्या हव्यात. गळ्यातून काढलेली माळ आणि पेटीतली माळ यांची तुलना व्यर्थ आहे.

दगडफूल

@सोनसळी, प्रतिसाद जपून ठेवते आहे. दहावीच्या मुलींना 'हिरा वीजेला अडवतो आणि उष्णतेला वाट देतो' हे सांगितलं की डोळे मोठे होतात. धातूंमध्ये दोन्ही कामं मोकळे इलेक्ट्रॉन करतात. हिऱ्यात उष्णता नेण्याचं काम जाळीची कंपनं करतात.

जुनी_पानं

या प्रश्नाला इतिहास आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1757 साली जॉन लायनिंग यांना लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच उदाहरण आहे. ज्या मेजावर लिहितो आहे त्याचं लाकूड आणि त्याचं कुलूप एकाच हवेत आहेत, म्हणजे दोन्ही सारखेच गरम किंवा थंड, तरी हाताला कुलूप जास्त थंड लागतं, आणि ते खरोखर तसं नसून कातडीतला 'अग्नी' जास्त सहज ओढून घेतं, असं ते लिहितात. उष्णता म्हणजे एक द्रव अशी तेव्हाची समजूत, पण निरीक्षण चोख. पुढे त्यांच्याच सुचवण्यावरून यान इंगेनहाउस यांनी वेगवेगळ्या धातूंच्या तारांना मेणाचा लेप देऊन एक टोक तापवलं आणि कुठल्या तारेवर मेण किती दूरपर्यंत वितळतं ते पाहून धातूंचा क्रम लावला. चांदी वरच्या जागी होती. वनस्पतींना प्राणवायू सोडायला उजेड लागतो हे दाखवणारे इंगेनहाउस ते हेच.

वहनाचं पक्कं गणित मात्र 1822 साली फूरिये यांनी मांडलं. तुमचं सांध्याचं सूत्र त्याच गणिताचं नातवंड आहे.

नाडीपरीक्षा

डॉक्टर म्हणून कातडीच्या बाजूने लिहिते, कारण आतापर्यंत सगळे वस्तूबद्दलच बोलले.

कातडीत गारव्याची वेगळी चेतातंतूंची टोकं असतात. त्यांवर टीआरपीएम-8 नावाचं एक प्रथिन असतं. कातडी साधारण 26-28 अंशांखाली उतरली की ते उघडतं आणि मेंदूकडे 'गार' असा संदेश जातो. (वर दगडफूल यांनी दिलेले आकडे पाहा: पोळपाटाचे 29.6 या रेषेच्या वर, ग्रॅनाइटचे 24.3 खाली.) पुदिन्यातल्या मेंथॉलनेही तेच प्रथिन उघडतं, म्हणून बाम लावल्यावर तापमान न उतरताही गार वाटतं. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहींवरच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

ही टोकं नुसत्या तापमानाला नाही, तापमान किती वेगाने बदलतंय त्यालाही जोरात प्रतिसाद देतात. म्हणून पहिल्या क्षणी फरशी चर्रकन लागते आणि थोड्या वेळाने तेवढी नाही. अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात आणखी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली होती: कपाळावर ठेवलेलं थंड नाणं तेवढ्याच वजनाच्या कोमट नाण्यापेक्षा जड वाटतं.

आता ज्यासाठी मुद्दाम लॉगइन केलं ते. मधुमेह जुना झाला की पायांची ही जाणीव बोथट होते किंवा जातेच. असा माणूस उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरसबंदीवर अनवाणी चालतो, त्याला काहीच कळत नाही आणि संध्याकाळी तळपायाला फोड दिसतात. त्या जखमा महिनोन् महिने भरत नाहीत. काही वेळा बोट गमवावं लागतं. घरात मधुमेही ज्येष्ठ असतील तर दुपारी प्रदक्षिणेला नेऊ नका, मोजे घाला, आणि आंघोळीच्या पाण्याचा अंदाज त्यांच्या पायाने घेऊ देऊ नका, कोपराने घ्या, तोही दुसऱ्या कुणाच्या.

भिंगरी

@नाडीपरीक्षा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या सासूबाईंना वीस वर्षांपासून साखर आहे. घरच्यांच्या ग्रुपवर तुमचा शेवटचा परिच्छेद टाकते आहे.

देवळात फरसबंदीवर पांढरा पट्टा रंगवलेला असतो तो यासाठीच ना?

दगडफूल

हो. तिथे दगड तोच असतो, पण पांढरा रंग ऊन परत फेकतो म्हणून पट्ट्याखालचा दगड मुळातच कमी तापतो. काथ्याची पट्टी अंथरतात तिथे काम वेगळ्या तऱ्हेने होतं: काथ्या तापला तरी त्याची इफ्युझिव्हिटी फार कमी, शिवाय पाय फक्त वरच्या धाग्यांनाच टेकतो.

यावरून एक राहिलेला मुद्दा. स्पर्श होतो तेवढ्याच भागातून उष्णता जाते. घोटून चमकवलेला कोटा आणि खडबडीत कोटा एकाच खाणीतले असले तरी चमकवलेला जास्त गार लागतो, कारण खडबडीत फरशीत आणि तळपायात हवेचे कप्पे राहतात.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) निखाऱ्यांतून चालत जातात. व्रत, उपास, सोवळं सगळं असतं आणि माझी त्यावर श्रद्धा आहे. पण इथे जे चाललंय त्यावरून विचारावंसं वाटतं, निखाऱ्याचा हा इफ्युझिव्हिटीचा आकडा किती?

दगडफूल

@मांडवीकाठ, व्रताचा अर्थ व्रत करणाऱ्यालाच ठाऊक. मी फक्त निखाऱ्याबद्दल सांगते. लाकडाचा कोळसा हलका, सच्छिद्र, वर राखेचा थर. त्याची इफ्युझिव्हिटी कातडीपेक्षा बरीच कमी, त्यामुळे निखारा शेकडो अंशांवर असला तरी पहिल्या क्षणी कातडी त्याच्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. पाय टेकून उचलण्यात जाणारा वेळही थोडा असतो. तेवढ्याच तापलेल्या लोखंडी पत्र्यावर एक पाऊलही शक्य नाही. पण निखाऱ्यांवर भाजतं, आणि वाईट भाजतं. थांबलं, अडखळलं, बोटांच्या बेचक्यात निखारा अडकला की झालं. हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नये.

मेकॅनिकलवाला

भाजण्याच्या मर्यादेवर जोडतो. यंत्रांच्या तापलेल्या पृष्ठभागांसाठी आयएसओ 13732 हे मानक आहे. एक सेकंद स्पर्शासाठी नुसत्या धातूची मर्यादा साधारण 65 ते 70 अंश धरलेली आहे. काच, प्लास्टिक, लाकूड यांच्यासाठी ती चढत्या क्रमाने वर जाते. पण स्पर्श एक मिनिटाचा झाला की सगळ्या पदार्थांना एकच मर्यादा, 51 अंश. दहा मिनिटांना 48, आठ तासांना 43. म्हणजे पदार्थ कोणता याचं महत्त्व पहिल्या काही सेकंदांत आहे. हात टेकूनच ठेवला तर शेवटी तापमानच जिंकतं. कुकरला बेकेलाइटची मूठ का असते याचं उत्तर यात आहे, आणि गरम पाण्याची पिशवी अंगाशी घेऊन झोपू नये याचंही.

सुईदोरा

गोधडी-घोंगडीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आजही पुष्कळांना वाटतं की घोंगडी ऊब 'देते'. आमच्या गावी बर्फवाला लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून आणायचा. घोंगडीत गुंडाळली तरी लादी तितकीच टिकेल.

जुनी_पानं

@सुईदोरा, भुशावरून आठवलं. 1833 साली बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून बर्फ घेऊन कलकत्त्याला आलं. निघताना 180 टन होता, पोचला तेव्हा जवळजवळ 100 टन शिल्लक. विषुववृत्त दोनदा ओलांडून! व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर. पुढे मुंबई आणि मद्रासलाही तो बर्फ जाऊ लागला. भुशात कोंडलेल्या हवेच्या जोरावर हा सगळा व्यापार चालला.

टोरांटोहून

इथे उणे 20 मध्ये ओल्या हाताने लोखंडी कठडा धरला तर बोटं चिकटतात. धातू कातडीवरच्या ओलाव्यातली उष्णता इतक्या लवकर ओढतो की पाणी तिथल्या तिथे गोठतं. लाकडी कठड्याला हात चिकटल्याचं मी पाहिलं नाही. नव्याने आलेल्या मंडळींनी मुलांना हे आधीच सांगून ठेवा. आणि चिकटलंच तर ओढू नका, कोमट पाणी ओता.

अंगणवेल

छान धागा. मला व्यवहारातला प्रश्न आहे. नाशिकला फ्लॅटचं काम चालू आहे, आई (78) आमच्याकडे राहायला येणार आहे. तिला हिवाळ्यात व्हिट्रिफाइड टाइलवर पाय ठेवणं नको होतं. तिच्या खोलीत मिस्त्री म्हणतो टाइलवरच दोन मिलिमीटरचा व्हिनाइल शीट टाकू, स्वस्तात काम होईल. दुसरा पर्याय आठ मिलिमीटरचं लॅमिनेट. फरक पडेल का?

दगडफूल

@अंगणवेल, पडेल, आणि तो वेळेत दिसेल. व्हिनाइलची स्वतःची इफ्युझिव्हिटी टाइलपेक्षा बरीच कमी, म्हणून पहिला स्पर्श बरा लागेल. पण पायाची ऊब दोन मिलिमीटर खाली उतरायला अर्धं मिनिटसुद्धा पुरतं. त्यानंतर खालची टाइल ओढायला लागते. आई खुर्चीत बसून पाय टेकवून पेपर वाचणार असतील तर व्हिनाइलचा उपयोग थोडाच. हा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे आठ मिलिमीटरला तोच हिशेब सात-आठ मिनिटांवर जातो. शिवाय लॅमिनेटखाली फोमचा पातळ थर घालतात, तो फार कामाचा. तो नीट आहे ना हे मिस्त्रींकडून आधी बघून घ्या.

नाडीपरीक्षा

@अंगणवेल, खुर्चीजवळ आणि पलंगापाशी जाडसर सतरंजी चालेल, पण तिच्याखाली रबरी जाळी हवीच. या वयात गार फरशीपेक्षा घसरणं जास्त धोक्याचं. बाथरूमच्या दारात पायपुसणं मोकळं ठेवू नका.

अंगणवेल

दोघींचे आभार. लॅमिनेट नक्की केलं, फोम तीन मिलिमीटरचा घालायला सांगितला आहे. बाथरूमबाहेर खडबडीत कोटाच ठेवते.

अकोलेकर

दगडफूल मॅडम, 33 अंशांचा प्रयोग मार्चमध्ये करून इथेच कळवतो. शेजारच्या पोरांनाही बोलावणार आहे. कपाट आतल्या खोलीत आहे, तिथे ऊन येत नाही.